निजामुद्दीनला उतरलात, तर तिथेच थांबा

गेल्या महिन्यात या सदरात मी एक तक्रार केली होती. मुंबईची ऑगस्ट क्रांती राजधानी, पुण्याची दुरांतो, वास्कोहून मिरज-पुण्यामार्गे येणारी गोवा एक्स्प्रेस, या सगळ्या दिल्लीत हजरत निजामुद्दीन स्टेशनात येऊन थांबतात. आपली माणसं उतरतात, बॅगा सावरतात, रिक्षा ठरवतात आणि तडक करोल बाग नाहीतर पहाडगंज गाठतात. ज्या वस्तीच्या नावाचं हे स्टेशन आहे, ती वस्ती पाहायची राहूनच जाते. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर मी त्यांनाच देऊन टाकते आहे.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी मूळची वाईची. 1985 साली लग्न होऊन दिल्लीत आले आणि तेव्हापासून निजामुद्दीन स्टेशनजवळच्या भोगलमध्ये राहते. सत्तावीस वर्षं एका शाळेत शिकवलं. शाळेची बस रोज मथुरा रोडवरून, सब्ज बुर्जाच्या चौकाला वळसा घालून जायची. त्या चौकाच्या पूर्वेला हुमायूनचा मकबरा, पश्चिमेला निजामुद्दीनची वस्ती आणि तिथूनच लोदी रोड सरळ लोदी गार्डनकडे निघतो. पुढची सगळी उत्तरं या एका चौकाच्या आसपासची आहेत.

"आम्ही दोघं निवृत्त. गोवा एक्स्प्रेसने येतोय, दुसऱ्या दिवशी हरिद्वारची गाडी आहे. मधला एक दिवस मोकळा. ह्यांचे गुडघे दुखतात, मला उन्हाचा त्रास होतो. लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट, सगळं एका दिवसात होईल का?" (मिरजेहून एक वाचक)

होईल, पण संध्याकाळी तुमच्या लक्षात फक्त रस्त्यावरची गर्दी राहील. ताई, तुम्ही त्या यादीतलं काहीच करू नका. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये सामान ठेवा (बॅगांना कुलपं लागतात, घरूनच लावून या) आणि पहिल्यांदा सुंदर नर्सरीत जा.

नाव ऐकून रोपं विकत मिळण्याचं ठिकाण वाटतं, आणि एके काळी ते तसंच होतं. इंग्रजांनी नवी दिल्ली वसवली तेव्हा रस्त्यांच्या कडेला कोणती झाडं तगतील हे पाहायला इथे रोपं वाढवत असत. नंतर कित्येक वर्षं ही जागा नुसती पडून होती. आमच्या बसमधून भिंतीपलीकडे झाडोरा आणि मध्येच एखादा काळा पडलेला घुमट दिसायचा. आगा खान ट्रस्टने पुरातत्त्व खातं आणि सरकारी बांधकाम खात्याबरोबर तिथे वर्षानुवर्षं काम केलं, आणि 2018 साली 90 एकरांचं हे उद्यान लोकांसाठी उघडलं. आत तीनशेहून जास्त जातींची झाडं आहेत. मधोमध पाण्याचा पाट, दोन्ही बाजूंना फुलांचे ताटवे, आणि पाटाच्या अलीकडे-पलीकडे सोळाव्या शतकातल्या लहान लहान इमारती. सगळं सपाट आहे, बाकं भरपूर आहेत. सुंदरवाला बुर्ज नावाच्या छोट्या मकबऱ्यात आत जाऊन मान वर करायला मात्र विसरू नका. छताच्या गिलाव्यात चांदण्यांची अशी नक्षी कोरली आहे की ती पाहताना तुमचे साहेब गुडघे विसरतील.

तिथून हुमायूनच्या मकबऱ्याकडे जाताना मध्ये नवं संग्रहालय लागतं. 2024 मध्ये उघडलं. ते जमिनीखाली आहे आणि उतरणीच्या वाटेने आत जाता येतं, त्यामुळे ऊन आणि जिना दोन्ही टळतात. दुपारचे बारा ते दोन तिथेच काढा.

मग मकबरा. तिथे एक गोष्ट ऐका: चौथऱ्यावर चढण्याचा हट्ट नको. त्या पायऱ्या अंधाऱ्या, उभ्या आणि एकेक पायरी दीड पायरीएवढी आहे. धडधाकट माणसंही उतरताना भिंत धरतात. साहेबांना बागेत पाण्याच्या पाटाशी बसवा. इमारत तिथूनच सगळ्यात चांगली दिसते, कारण ती बागेतून पाहण्यासाठीच बांधली आहे. मोठ्या दरवाजाच्या अलीकडे उजव्या हाताला इसा खानचा अष्टकोनी मकबरा आहे, तो जमिनीच्या पातळीवरून बघता येतो. हा इसा खान शेरशाहाच्या दरबारातला. मकबरा 1547 चा, म्हणजे हुमायूनच्या मकबऱ्याआधी वीस-एक वर्षांचा.

चारनंतर रिक्षा करून लोदी गार्डन. तिकीट नाही. बडा गुंबदाच्या समोरच्या हिरवळीवर बसा. दिल्लीची म्हातारी माणसं तिथे रोज संध्याकाळी फेऱ्या मारतात आणि अनोळखी माणसाशीही बोलतात. त्यांच्याशी बोला. हरिद्वारच्या गाडीत एकमेकांना सांगायला काहीतरी होईल.

"मी वास्तुशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे हुमायूनच्या मकबऱ्याला 'ताजमहालाची रंगीत तालीम' म्हणतात. आणि तिथे केलेली दुरुस्ती इतकी नवी दिसते की जुनं काही राहिलंच नाही, असंही वाचलं. तुम्हाला काय वाटतं?" (नागपूरहून एक विद्यार्थी)

अरे, तालीम म्हटलं की पहिली इमारत आपोआप दुय्यम होते. हुमायून 1556 च्या जानेवारीत जुन्या किल्ल्यातल्या ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडून गेला. त्याच्या बायकोने, बेगा बेगमने, इराणी परंपरेत तयार झालेला मिराक मिर्झा घियास हा वास्तुकार नेमला आणि 1570 च्या सुमाराला हे काम पुरं झालं. भारतात चारबागेच्या, म्हणजे चार भागांत आखलेल्या बागेच्या, मधोमध उभा केलेला एवढा भव्य मकबरा त्याआधी नव्हता. लाल दगडात पांढऱ्या संगमरवराच्या पट्ट्या इतक्या मोठ्या प्रमाणावर वापरायचं धाडसही इथलंच. ज्या बाईच्या मनातून हे निघालं तिचं नाव अजून आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही, हे मला फार लागतं.

इथला दुहेरी घुमट नीट समजून घे. एकच उंच घुमट असता तर आतून तो खोल विहीर उलटी टांगल्यासारखा वाटला असता. म्हणून आतला घुमट खोलीच्या मापाने बसका आणि बाहेरचा दुरून दिसावा म्हणून उंच, आणि दोन्हींच्या मध्ये पोकळी. सगळी उंची 47 मीटर. मात्र हा प्रयोग इथे पहिल्यांदा झाला असं परीक्षेत लिहू नकोस. याच्या अर्धं शतक आधीचा सिकंदर लोदीचा मकबरा, 1517-18 चा, लोदी गार्डनमध्येच आहे, आणि त्यालाही दुहेरी घुमट आहे. सकाळी तो आणि दुपारी हा, असं एका दिवसात पाहिलंस तर एका कल्पनेचं बालपण आणि तारुण्य दोन्ही दिसेल.

आणि नागपूरचा आहेस तर पुढची पायरी तुझ्याच राज्यात आहे. हुमायून, मग कवी रहीमने बांधलेला मकबरा, मग ताज, मग औरंगाबादचा बीबी का मकबरा, आणि शेवटी 1754 चा सफदरजंग. बीबी का मकबऱ्याच्या दारावर अताउल्ला या वास्तुकाराचं नाव आहे, तो ताजचा वास्तुकार मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. या मकबऱ्याला 'गरिबांचा ताज' म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ. त्यांनी हा क्रम एकदा डोळ्यांखालून घातला तर ते तसं म्हणणार नाहीत.

आता दुरुस्तीबद्दल. मी 1985 पासून ही इमारत पाहते आहे, म्हणून ठामपणे सांगते. तेव्हाचा 'जुनेपणा' म्हणजे सोळावं शतक नव्हतं. तो विसाव्या शतकातल्या घाईच्या डागडुजीचा सिमेंटचा थर होता. 2007 ते 2013 या काळात काम झालं, तेव्हा छतावरून सुमारे दहा लाख किलो काँक्रीट हातांनी काढलं. एवढं ओझं त्या भिंती कशा झेलत होत्या कोण जाणे! काँक्रीट पाणी धरून ठेवतं आणि खालचा चुना कुजतो. म्हणून पुन्हा चुन्याचंच काम केलं, दगड हातोडी-छिन्नीनेच घडवला. छत्र्यांवरच्या निळ्या-हिरव्या कौलांचं कसब इथे उरलं नव्हतं, तर उझबेकिस्तानातले कारागीर आणले आणि निजामुद्दीन वस्तीतल्या पोरांना त्यांच्या हाताखाली शिकवलं. हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तुझ्या सरांनी दगड मोजले असतील, ती शिकलेली पोरंही मोजायला हवीत.

एक आठवण आहे. 30 मे 2014 च्या संध्याकाळी दिल्लीत भयंकर वावटळ उठली. आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी उलटली. दुसऱ्या दिवशी कळलं की मकबऱ्याचा कळस पडला. लाकडी गाभ्यावर तांब्याचे घडे एकावर एक रचलेला, अठरा फुटांचा. दोन वर्षांनी नवा कळस सोन्याचा पत्रा चढवून बसवला, आणि जुना आता त्या संग्रहालयात उभा आहे. खाली उभं राहून त्याची उंची बघ. जमिनीवरून वर पाहताना तो बोटाएवढा दिसतो.

"यंदा फेब्रुवारी की नोव्हेंबर?" (चिपळूणहून एक वाचक)

फेब्रुवारी. दिवाळीनंतरचा नोव्हेंबर दिल्लीच्या हवेचा सगळ्यात वाईट महिना, आणि कोकणातल्या स्वच्छ हवेतून येणाऱ्याच्या छातीला तो लगेच जाणवतो. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासन् तास रखडतात. फेब्रुवारीच्या अखेरीस काटेसावर फुलायला लागते. बहाव्याने पिवळे झालेले रस्ते पाहायचे असतील तर मे-जून, पण मग ऊन सोसायची तयारी हवी.

"दिल्ली म्हणजे मोगल आणि इंग्रज. या परिसरात आपल्या मराठ्यांचं काही आहे का, की नुसतंच दुसऱ्यांचं वैभव बघून यायचं?" (पुण्याहून एक वाचक)

दादा, आपल्या नावाची इमारत इथे शोधलीत तर सापडणार नाही. पण आपल्या पावलांच्या खुणा मात्र स्टेशनच्या पायथ्याशी आहेत.

1737 साली बाजीराव आग्र्याकडच्या मोगल फौजांना चुकवून अचानक दिल्लीच्या वेशीवर आले. त्या मोहिमेबद्दल चिमाजीअप्पांना त्यांनी जे पत्र लिहिलं, त्यात बारापुल्याचा आणि कालिकेच्या देवळाचा उल्लेख आहे. हा बारापुला म्हणजे निजामुद्दीन स्टेशनच्या दक्षिणेला नाल्यावर उभा असलेला दगडी पूल. जहांगीरच्या काळात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला. बारा खांब, त्यांच्यामध्ये अकरा कमानी. आता त्याच नावाचा मोठा उड्डाणपूल 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी झाला, आणि दिल्लीत बारापुला म्हटलं की सगळ्यांना तो सिमेंटचाच आठवतो. जुन्या पुलावर मी कित्येक वर्षं भाजीच्या गाड्यांमधून वाट काढत गेले आहे, आणि बाजीरावांच्या पत्रातला बारापुला तो हाच, हे मला इथे राहायला आल्यावर अकरा वर्षांनी समजलं. त्या दिवशी भाजी न घेताच घरी आले. कालिकेचं देऊळ म्हणजे कालकाजी. आज उभ्या असलेल्या देवळाचा सगळ्यात जुना भाग 1764 मध्ये मराठ्यांनी बांधला, असं सांगतात.

त्या वेळचा बादशहा मुहम्मदशहा. ज्याच्या राजधानीपर्यंत बाजीराव पोचले, तो 1748 मध्ये वारला आणि त्याची कबर निजामुद्दीनच्या दर्ग्याच्या अंगणात आहे. संगमरवरी जाळीच्या आत, बेताची. शेजारून माणसं गुलाबाच्या पाट्या घेऊन जात असतात, कोणी थांबत नाही. मी प्रत्येक मराठी पाहुण्याला तिथे थांबवते.

लोदी रोडच्या पश्चिम टोकाला सफदरजंगाचा मकबरा. अवधचा हा नवाब दिल्लीचा वजीर झाला आणि रोहिले-बंगश पठाणांशी लढताना त्याने 1751 मध्ये मल्हारराव होळकर आणि जयाप्पा शिंदे यांची मदत मागितली. उत्तरेच्या राजकारणात मराठे इतके खोलवर गुंतले, त्याची एक सुरुवात या माणसापाशी आहे. दहा वर्षांनी पानिपत. म्हणून या मकबऱ्यात मी कधी नुसती नक्षी पाहू शकत नाही. त्याच्याच जवळ जोरबागेत मोगलांचा सेनापती मिर्झा नजफ खान याची साधी कबर आहे. तो 1782 मध्ये गेला, दरबार पोरका झाला, आणि दोन वर्षांत बादशहा शाह आलमने कारभार महादजी शिंद्यांच्या हाती दिला.

सांगायचं इतकंच की मराठ्यांची दिल्ली बघायची तर ती मराठ्यांच्या शत्रूंच्या आणि मित्रांच्या कबरींतून बघावी लागते. तुम्ही पुण्याचे, पत्रं वाचून येणारे. तुम्हाला ती दिसेल.

"मला दर्ग्यात कव्वाली ऐकायची आहे. एकटी मुलगी आणि हिंदू, तर चालेल का? घरचे नको म्हणतात." (नाशिकहून एक वाचक)

अगं, चालेल. हिंदू, शीख, ख्रिस्ती, सगळे येतात. माझ्या शाळेतल्या अर्ध्या शिक्षिका परीक्षेच्या निकालाआधी तिथे जाऊन यायच्या. पण एकटी पहिल्यांदा जाणार असलीस तर गुरुवारची संध्याकाळ टाळ. गुरुवारी कव्वाली रंगते खरी, पण गल्ल्या इतक्या अरुंद आणि गर्दी इतकी दाट की पाऊल आपल्या मनाने पडत नाही. आधी एखाद्या सकाळी जाऊन वाट पाहून ठेव, मग गुरुवारी मैत्रिणीला घेऊन जा. डोक्यावर ओढणी हवी. वाटेत दुकानदार चपला इथेच ठेवा, फुलं घ्या, चादर घ्या म्हणून हाका मारतील. घ्यायलाच हवं असं काही नाही. नम्रपणे पुढे चालत राहा आणि चपला अगदी आतल्या दाराशी ठेव.

हजरत निजामुद्दीन औलिया 1325 मध्ये गेले. त्यांचा लाडका शिष्य अमीर खुसरो तेव्हा दूर बंगालकडे होता. परत आला आणि सहा महिन्यांत तोही गेला. म्हणून दर्ग्यात रीत अशी की आधी खुसरोच्या कबरीला सलाम करायचा, मग गुरूंकडे जायचं. आपण मराठीतही सर्रास 'अभी दिल्ली दूर है' म्हणतो ना, ती म्हण या औलियांचीच मानतात. सुलतान घियासुद्दीन तुघलक मोहिमेवरून परतताना त्यांना दिल्ली सोडायचा हुकूम पाठवतो, आणि ते शांतपणे म्हणतात, दिल्ली अजून दूर आहे. दिल्लीच्या वेशीबाहेर स्वागताचा मंडप कोसळून सुलतान मेला. तेही 1325 सालीच.

एक गोष्ट तुला तिथे खटकेल, म्हणून आधीच सांगते. कबरीच्या अगदी आतल्या खोलीत बायकांना जाऊ देत नाहीत. बायका बाहेर संगमरवरी जाळीशी बसतात, जाळीला धागे बांधतात. 2018 मध्ये कायद्याच्या विद्यार्थिनींनी याविरुद्ध दिल्लीच्या उच्च न्यायालयात याचिकाही केली. मलाही हे पटत नाही, आणि तरी मी जाते. कारण त्याच अंगणात, बायकांना थांबवतात तिथून थोड्याच पावलांवर, शाहजहानची मुलगी जहाँआरा झोपली आहे. तिच्या कबरीवर घुमट नाही, मधोमध माती आहे आणि मातीत गवत. माझ्या कबरीवर हिरवळीखेरीज दुसरं आच्छादन नको, अशा अर्थाच्या ओळी तिथल्या दगडावर आहेत. तिच्याजवळ थोडा वेळ बस.

वसंतपंचमीच्या सुमाराला येऊ शकलीस तर दर्ग्यात सगळे पिवळे फेटे, पिवळी उपरणी घालून, मोहरीची फुलं घेऊन येतात. लाडका भाचा गेल्याच्या दुःखात औलिया बोलेनासे झाले होते. खुसरोने गावातल्या बायकांना वसंताची गाणी म्हणत पिवळ्या साड्यांत जाताना पाहिलं, स्वतःही तसाच पिवळा वेश करून गुरूंपुढे गेला आणि त्यांना हसवलं, अशी कथा आहे. सातशे वर्षं तो सण चालू आहे.

दर्ग्याजवळची बावडीही बघ, आपली बारवच ती. मी कृष्णेच्या घाटावर वाढलेली, पायऱ्या उतरून पाण्याशी गेल्याशिवाय मला एखादी जागा आपली वाटत नाही. 2008 मध्ये या बावडीची एक भिंत ढासळली. नंतर शतकांचा गाळ उपसून ती पुन्हा जिवंत केली. आणि बाहेर पडताना मिर्झा गालिबच्या कबरीचं छोटं अंगण, शेजारचा चौसष्ट खांबांचा संगमरवरी चौसठ खंबा, दोन्ही शांत आहेत. कव्वालीनंतर कान निवायला ते बरे.

घरच्यांना हे उत्तर वाचायला दे.

"मुलं सात आणि दहा वर्षांची. तिसरी कबर दाखवली की रडायला लागतात." (ठाण्याहून एक आई)

बरोबरच आहे त्यांचं! त्यांना कबरी दाखवूच नका, धनेश दाखवा. राखी धनेश लोदी गार्डन आणि सुंदर नर्सरीत नेहमी दिसतो. मोठी वाकडी चोच, त्यावर शिंगासारखा उंचवटा, उडताना वर-खाली हेलकावे. वड-पिंपळ-उंबराला फळं असतील तिथे सकाळी सातला उभं राहा. मोर तर ओरडून स्वतःच सांगतात. पोपट घुमटांच्या भोकांत घरटी करतात, म्हणजे मुलांची मान आपोआप घुमटाकडे वळते, आणि तेवढा इतिहास पहिल्या दिवशी पुरे.

लोदी गार्डनमध्ये अठपुला नावाचा अकबराच्या काळातला पूल आहे. नावात आठ, पण कमानी सात. मुलांना मोजायला लावा आणि आठ कशाचे ते शोधू द्या (खांबांचे). मग त्यांना सांगा, इथे पूर्वी खैरपूर नावाचं गाव होतं. गावकऱ्यांना दुसरीकडे हलवून 1936 मध्ये ही बाग केली, तेव्हा तिचं नाव लेडी विलिंग्डन पार्क होतं. दहा वर्षांचं मूल लगेच विचारतं, मग ती माणसं कुठे गेली? माझ्या वर्गातल्या मुलांनी दर वर्षी हे विचारलं. हुमायूनच्या बागेत गेलात की तेव्हा सांगा, 1947 मध्ये फाळणीत घरं सुटलेल्या हजारो माणसांच्या छावण्या त्या हिरवळीवर आणि जुन्या किल्ल्यात होत्या. आमच्या भोगल-जंगपुऱ्यातल्या कितीतरी घरांच्या आज्या तिथले दिवस सांगायच्या.

पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. सुंदर नर्सरी आणि संग्रहालयाचं तिकीट वेगळं. डबा घेऊन जा.

"मी हिंदीची शिक्षिका. आठवीची सहल दिल्लीला येते आहे. आम्ही रहीमचे दोहे शिकवतो. त्याची समाधी दिल्लीत आहे असं ऐकलं. मुलांना न्यावी असं काही तिथे आहे का?" (लातूरहून एक वाचक)

बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग चहा करायला उठले.

माझे वडील वाईला हिंदी शिकवायचे. राष्ट्रभाषा सभेच्या परीक्षांना बसणारी मुलं आमच्या ओटीवर संध्याकाळी जमायची आणि रहीमचे दोहे म्हणायची. मला अर्थ कळायच्या आधी ते पाठ झाले होते. 1991 मध्ये वडील माझ्याकडे आले, चौदा दिवस राहिले. मी त्यांना लाल किल्ला दाखवला, राजघाट दाखवला, आग्र्याला नेऊन आणलं. रहीमचा मकबरा आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर होता, बसमधून मी तो रोज पाहत होते, आणि तो कोणाचा आहे हे मला माहीत नव्हतं. दगड उपटलेला, विटा-चुन्याचा एक उघडा ढिगारा, कुंपणाच्या आत. 1994 मध्ये वडील गेले. पुढे दोन वर्षांनी मी जवळपासच्या स्मारकांवरच्या एका व्याख्यानाला गेले, तिथे कळलं. बारापुल्याचंही त्याच संध्याकाळी समजलं.

अब्दुर्रहीम खानखाना, बैरामखानाचा मुलगा, अकबराचा सेनापती. फारसी, तुर्की, संस्कृत, ब्रज, सगळ्यांत वावरणारा. बाबराच्या आठवणी त्याने तुर्कीतून फारसीत आणल्या. हा मकबरा त्याने बायकोसाठी, माहबानूसाठी, 1598 मध्ये बांधला. मोगलांच्या राज्यात बायकोसाठी बांधलेला एवढा मोठा मकबरा त्याआधी नव्हता, ताजच्या तीस-पस्तीस वर्षं आधीचा हा. 1627 मध्ये तोही तिथेच विसावला. पुढे अठराव्या शतकात सफदरजंगाच्या मकबऱ्यासाठी याच्या घुमटाचा संगमरवर आणि भिंतींचा दगड काढून नेला. मी बसमधून पाहत होते तो ढिगारा म्हणजे उरलेला सांगाडा.

मराठवाड्यातल्या मुलांना आणखी एक सांगा. हा कवी तुमच्या बाजूला लढायलाही आला होता. 1597 मध्ये गोदावरीच्या काठी, सोनपेठजवळ, दख्खनच्या एकत्र फौजांशी त्याची मोठी लढाई झाली, आणि 1600 मध्ये अहमदनगर पडलं तेव्हाही तो मोगल फौजेत होता. चांदबीबीच्या नगरवर चालून आलेला माणूस आणि दोह्यांतला समंजस माणूस एकच, हे आठवीतल्या मुलांना पचायला जड जाईल. जाऊ दे. त्यावर वर्गात बोला.

2014 मध्ये या मकबऱ्याच्या दुरुस्तीचं काम सुरू झालं, 2020 मध्ये पुरं झालं. घुमटावर थोडाच संगमरवर मुद्दाम बसवला आहे आणि बाकीचा उघडा ठेवला आहे, म्हणजे काय काढून नेलं ते कळावं. आतल्या छतावरची लाल-पांढरी नक्षी, चांदण्या, कमळं पुन्हा उजळली आहेत. आता दर वर्षी वडिलांच्या तिथीच्या आसपास एका सकाळी मी तिथे जाते. त्यांच्या हस्ताक्षरातली दोह्यांची वही माझ्याकडे आहे, ती पिशवीत असते. वाचायची गरज पडत नाही.

तर मुलांना जरूर आणा. मथुरा रोडला लागूनच आहे, हुमायूनच्या मकबऱ्याकडून दक्षिणेला, भोगलच्या बाजूला येताना. सकाळी नऊच्या आत या, गर्दी नसते. चौथऱ्यावर मुलांना कठड्यापासून लांब उभं करा. घुमटाखाली आवाज छान घुमतो, चाळीस मुलांनी मिळून एक दोहा म्हटला तर बाहेर बागेत ऐकू येईल. तारीख नक्की झाली की संपादकांकडे कळवा. मी दारात थांबेन, आणि मुलांसाठी शेंगदाण्याचे लाडू आणेन.